यंत्राचं झाकण कुणी उघडायचं?



२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या इस्लामपुरातल्या विहाराच्या अभ्यासिकेत सात जुने कॉम्प्युटर आले. एका ऑफिसनं नवीन मशीन घेतल्या, जुन्या कुणाला तरी द्यायच्या होत्या, ओळखीतून त्या आमच्याकडे आल्या. टेम्पोतून उतरवताना सगळे खूश होते. आठवड्याभरात ती खुशी उतरली. दोन मशीन सुरूच होईनात. एक सुरू होऊन नुसती बीप-बीप करत बसायची. उरलेल्या चार सुरू होईपर्यंत एक कप चहा पिऊन व्हायचा. एका दुकानदाराला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "ह्यांच्यात पैसे घालू नका. ऑक्टोबरात विंडोज टेन बंद होतंय, इलेव्हन ह्यांच्यावर चढत नाही. भंगारात घाला."

त्याच संध्याकाळी बैठक झाली. आपण स्वतःच उघडून दुरुस्त करूया, मुक्त सॉफ्टवेअर टाकूया, असं मी सुचवलं. त्यावर एमपीएससीचा अभ्यास करणारा एक पोरगा ताडकन बोलला, "दादा, आपल्या आज्या-पणज्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. आता आपण लोकांचे मेलेले कॉम्प्युटर ओढायचे काय?"

बैठक गप्प झाली. मीही गप्प झालो. त्याला तिथल्या तिथं देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे, आणि ते द्यायला मला बरंच मागं जावं लागलं.

पहिली गोष्ट, त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो आपल्या चळवळीच्या मुळातून आलेला आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस, शिळे-उष्टे तुकडे, गावकीची लाचारी टाकून द्यायला सांगितलं. दुसऱ्यानं टाकलेलं उचलायचं नाही, हा आपल्या स्वाभिमानाचा पहिला धडा आहे. ज्याच्या घरात हा धडा मुरलाय त्याला जुना कॉम्प्युटर बघून चीड येणारच.

दुसरी गोष्ट, "आपलं आपण करा" हा सल्लाही आपल्याला नवा नाही. तो आपल्यावर लादलेला होता. सातारा आपल्यापासून लांब नाही. त्या काळी आपला वाळवा तालुकाही सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं गेलं. त्या साताऱ्यात या पोराचे केस कापायला एक न्हावी तयार नव्हता. पैसे नव्हते म्हणून नव्हे, जात आडवी येत होती. केस कापायची ती थोरली बहीण. मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे कोरेगावला जाताना गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे लिहून ठेवलंय. आज शहरातली मंडळी ज्याला हौसेनं 'डू इट युवरसेल्फ' म्हणतात, त्याचा आपल्या घरातला इतिहास हा असा आहे. दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडीही आपणच हाकायची. म्हणून कुणी आपल्याला उठसूट स्वावलंबनाचे धडे द्यायला लागला की माझे कान टवकारतात.

आता दुरुस्ती या कामाकडेच जरा बघू. गावगाड्यात दुरुस्ती कोण करत होतं? मोटेचं चामडं फाटलं की चांभार, नाडा तुटला की मातंग, फाळ बोथट झाला की लोहार, चाकाची धाव निसटली की सुतार आणि लोहार दोघं. सगळ्या शेतीचं मेन्टेनन्स या हातांवर चालत होतं आणि बदल्यात सुगीला खळ्यावर बलुतं मिळत होतं. या हातांना यंत्र कळत नव्हतं असं कोण म्हणेल? मोट म्हणजे पाणी उपसायचं यंत्रच. पण त्यांचं कळणं विद्या मानलं गेलं नाही. विद्या पोथीत होती आणि पोथीला हात लावायला बंदी होती. काम करणारा एकीकडे, जाणणारा दुसरीकडे, आणि मध्ये धर्माची भिंत. जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, ती कामकऱ्यांचीच उतरंड लावून केलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. निवड नसलेल्या कामात माणसाचं मन आणि डोकं लागत नाही, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. मला वाटतं दुरुस्तीच्या इतिहासाला ही कसोटी लावली पाहिजे. हात कुणाचा, एवढं विचारून भागत नाही. काम निवडलेलं होतं की लादलेलं, आणि हाताबरोबर डोक्याला परवानगी होती का, हेही विचारावं लागतं.

आपल्या जवळचंच एक उदाहरण घ्या. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात केली ती बेळगावात सायकलच्या दुकानापासून. दुकान, दुरुस्ती, मग लोखंडी नांगर, आणि १९१० ला औंध संस्थानच्या माळावर कारखाना. माणूस कष्टाळू होता, डोकेबाज होता, यात वाद नाही. पण त्यांनी त्याआधी मुंबईच्या तंत्रशाळेत यांत्रिक चित्रकला शिकवली होती. आणि कारखान्यासाठी जमीन आणि कर्ज औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलं. ब्राह्मण उद्योजक, ब्राह्मण संस्थानिक. नांगराचा फाळ तर आमच्या भागातला लोहार पिढ्यानपिढ्या ठोकत होता. त्याच्या भात्याचा कारखाना का झाला नाही? त्याच्याकडे चित्र काढायची विद्या नव्हती, सावकारापलीकडे भांडवल नव्हतं आणि माळरान देणारा राजा नव्हता. ज्यांच्या पाठीशी हे सगळं असतं त्यांचं दुरुस्तीचं दुकान उद्योगाची पहिली पायरी ठरतं, इतरांना तेच दुकान आयुष्यभर पुरतं.

बाबासाहेबांना हे नेमकं दिसत होतं. २९ ऑक्टोबर १९४२ ला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचं एक सविस्तर निवेदन दिलं. आपण त्यातलं नोकऱ्यांचं आणि राजकीय प्रतिनिधित्वाचं तेवढं लक्षात ठेवतो. पण त्यात विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, परदेशातल्या शिक्षणासाठीसुद्धा. आणि आपल्या पोरांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून घ्या, अशीही मागणी होती. रेल्वेचं वर्कशॉप म्हणजे दुरुस्तीचं ठिकाण. कोलंबियाचा डॉक्टर आपल्या पोरांना पाना-हातोड्याच्या कामावर पाठवा म्हणून का मागतोय? कारण तिथं बलुतं नव्हतं. तिथं पगार होता, प्रशिक्षण होतं आणि यंत्राच्या पोटात काय आहे ते समजून घ्यायचा अधिकार होता.

आता कॉम्प्युटरकडे येऊ.

महाराष्ट्रातला, खरं तर देशातलाच, पहिला देशी बनावटीचा डिजिटल कॉम्प्युटर कुणाकडून विकत आणलेला नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुणांनी तो स्वतः जोडला. १९६० ला तो कामाला लागला, १९६२ ला त्याचं 'टिफ्रॅक' असं नाव ठेवलं गेलं. हे सुरुवातीचं पान चांगलं आहे, पण तिथं कुणाची पोरं पोचली होती ते सांगायची गरज नाही.

टिफ्रॅकच्या मागोमाग देशात आयबीएमचं राज्य आलं. आणि आमच्या त्या एमपीएससीवाल्या पोराला मी मुद्दाम सांगेन असा भाग इथं सुरू होतो. आयबीएमचं १४०१ हे मॉडेल १९५९ चं. अमेरिकेत वापरून झालेली ही मशीन भारतात आणायची, मुंबईच्या कारखान्यात झाडून-पुसून घ्यायची आणि इथल्या संस्थांना भाड्यानं द्यायची, असा तो धंदा होता. मशीन विकायची नाही, भाड्यानंच द्यायची. दुरुस्ती आयबीएमचाच माणूस करणार. म्हणजे आख्ख्या देशाच्या माथी जुनं मशीन मारलं जात होतं, वर त्याचं झाकण उघडायचा अधिकारही मिळत नव्हता. तेव्हाच्या सरकारी तज्ज्ञांना याचा संताप आला आणि त्यांनी तो कागदावर मांडला. 'लोकांचं मेलेलं ढोर' हा प्रश्न तेव्हा देशानंच विचारला होता.

उत्तर काय दिलं? १९७५ साली केंद्र सरकारनं एक कंपनी काढली. तिचं नाव बघा: कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन. देखभाल हेच तिचं नाव. परकीय चलन कायद्याखाली आयबीएमला भारतीय भागीदारी वाढवायला सांगितलं, आयबीएमनं नकार दिला आणि १९७८ ला ती देशातून गेली. तिची मशीन मागं राहिली, आठशेच्या वर ठिकाणी. ती बंद पडली असती तर कारखान्यांचे, रेल्वेचे, बँकांचे हिशेब अडकले असते. या सरकारी कंपनीच्या इंजिनिअरांनी ती मशीन ताब्यात घेतली, उघडली आणि चालवली. नंतर वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन सांभाळता सांभाळता हीच कंपनी रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणापर्यंत पोचली. दुसऱ्याचं जुनं मशीन उघडणं ही तिथं शरमेची गोष्ट झाली नाही. तिथून शिकणं सुरू झालं.

आणखी एक गोष्ट. सरकारी कंपनी असल्यामुळं तिथं अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण लागू होतं. २००१ साली सरकारनं तिचा ५१ टक्के हिस्सा टाटांना विकला. खासगी झाली तसं आरक्षण गेलं. पुढं २०१५ ला ती टीसीएसमध्ये विरून गेली. देशात आयटीचा पैसा ज्या वर्षांत खळाळून वाहायला लागला, नेमक्या त्याच वर्षांत त्यात शिरायचं आपलं सरकारी दार बंद झालं. खासगीकरणावर बोलताना आपण बँका, विमा, रेल्वे यांची नावं घेतो. या कंपनीचं नाव मी आजवर एकाही मोर्चात ऐकलेलं नाही.

घरात बसणाऱ्या कॉम्प्युटरची गोष्ट थोडी वेगळी आहे. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पर्सनल कॉम्प्युटर आणला. घाईत होते, म्हणून बाजारातले तयार भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. शिवाय जोडणीचे नकाशे पुस्तकात छापून विकले. बायोस नावाचा छोटा प्रोग्राम तेवढा त्यांच्या हक्काचा होता. कॉम्पॅकनं तोही मूळ न चोरता, त्याचं काम काय आहे एवढं बघून, नव्यानं लिहून काढला. झालं. कुणाचाही मदरबोर्ड, कुणाची रॅम, कुणाचा डब्बा, सगळं एकमेकांत बसायला लागलं. आपल्या तोंडी असलेला 'असेंबल्ड' हा शब्द इथून आला. भारतात १९८४ च्या धोरणानं आयात सैल झाली, १९९१ नंतर आणखी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कागदावर ज्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, रेडिओच्या सुट्या भागांशेजारी रॅम आणि हार्ड डिस्क विकायला आल्या. पुणे, कोल्हापूर, सांगली करत हे सुटे भाग आपल्या तालुक्यापर्यंत आले.

आमच्या तालुक्यात मी लहानपणी पाहिलेलं सांगतो. ज्यांच्या घरी उसाचं बिल येत होतं त्यांच्याकडं आधी कॉम्प्युटर आला. त्यांच्या पोरांनी तो घरीच उघडला, बिघडवला, पुन्हा जोडला. राजारामनगरला १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज होतं, काही जण तिथं गेले, काहींनी पेठ रस्त्याला दुकान टाकलं. बिघडवायची मुभा असल्याशिवाय माणूस यंत्र शिकत नाही. आमच्या वस्तीत कॉम्प्युटर म्हणजे क्लासमध्ये तासाच्या हिशेबानं हात लावायची वस्तू. "कॅबिनेटला हात लावू नका" असा कागदच डकवलेला असायचा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरात २३.४ टक्के. या ४.४ मध्ये आपल्या वस्त्या किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

वस्तूचं झाकण उघडता यायला लागलं, तरी आतल्या सॉफ्टवेअरला कुलूप लागत चाललं होतं. ३ फेब्रुवारी १९७६ ला बिल गेट्स यांनी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहून, तुम्ही आमचा प्रोग्राम चोरून वापरता, अशी तक्रार केली. दुसऱ्या बाजूला एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर झेरॉक्सच्या प्रिंटरनं वैतागला होता. कागद अडकला की लांब बसलेल्या माणसाला कळायचं नाही. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यानं स्वतः सुधारला होता, या नव्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कंपनी देईना. ज्याच्याकडे तो होता त्या प्राध्यापकानं गुप्ततेचा करार केला होता, त्यानंही नाही म्हटलं. सगळी सुरुवात एका नादुरुस्त प्रिंटरपासून! २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८५ ला संस्था काढली, १९८९ ला ग्नू जीपीएल हा परवाना आणला. वापरा, आत बघा, बदला, वाटा, मात्र पुढं देताना समोरच्यालाही हेच हक्क द्या, एवढी त्याची अट. १९९१ ला फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानं लिनक्सचा गाभा लिहिला, पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभा त्यावर चालतो.

इथं 'मुक्त' आणि 'फुकट' यात गल्लत होते. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊनही विकता येतं. फुकट मिळालेल्या वस्तूत आत डोकावायची परवानगी असेलच असं नाही. आपल्याकडे तर तिसराच रस्ता चालला: चोरीची सीडी. गल्लीतला पोरगा शंभर रुपयांत 'फॉरमॅट मारून' विंडोज टाकून द्यायचा. मी नैतिकतेचं प्रवचन देणार नाही, महागडा परवाना घ्यायची कुणाची ऐपत होती? पण त्या सीडीनं आपल्याला वापरणारे बनवलं, जाणणारे नाही. आणि फुकटात मिळतंय म्हटल्यावर मुक्त सॉफ्टवेअरची गरजही कुणाला जाणवली नाही.

या कुलपाचा फटका आपल्या चळवळीला बसलाय. नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकात आपल्या पुस्तिका, स्मरणिका, जयंतीची पत्रकं डीटीपीवर झाली. मराठी टायपिंगच्या त्या वेळच्या सॉफ्टवेअरांना मागे डोंगल लावावा लागायचा, तो नसला की सॉफ्टवेअर उघडायचं नाही. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की कचरा. आमच्याकडे एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या मुलाखतींची सीडी आहे. धरणग्रस्त, वतनदार महार, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेली माणसं, सगळे त्यात बोललेत. तात्या वारले. फाइल उघडली की देवनागरीऐवजी इंग्रजी चिन्हांचा गुंताडा दिसतो. फॉन्ट कुठला होता हे सांगणारं कुणी नाही. मूकनायकापासून प्रबुद्ध भारतपर्यंत बाबासाहेबांनी स्वतःचं वृत्तपत्र आणि स्वतःचा छापखाना यासाठी केवढी ओढाताण केली ते आपण जाणतो. आणि आपण आपल्या माणसांची साक्ष दुसऱ्याच्या कुलपात ठेवून दिली.

ते कुलूप ज्यांनी फोडलं त्यांच्यातले बरेच जण आपल्या महाराष्ट्रातच बसून काम करत होते. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी आली, पण कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला वर्षं गेली. २००० च्या सुमारास मुंबईत इंडलिनक्स नावाचा गट भारतीय भाषा लिनक्सवर आणायला लागला. २००४ ला रेड हॅटनं 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी ते पुढं सांभाळले. (लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या नावावरून ठेवलं असावं, मला मात्र ते भलतंच आवडतं.) आज कुठल्याही लिनक्सवर मराठी टाइप करायला पैसे लागत नाहीत, डोंगल लागत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा आणि लिहा.

मग हे आपल्या पोरांपर्यंत का पोचलं नाही? २००१ ला एमएस-सीआयटी सुरू झाला. त्यानं खेड्यापाड्यातल्या लाखो पोरापोरींना कॉम्प्युटरसमोर बसवलं, हे त्याचं मोठं काम आहे आणि मी ते नाकारत नाही. मी स्वतः तो केला. पण त्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड हे आम्ही पाठ केलं. रॅम काय असते याची व्याख्या परीक्षेत लिहिली, रॅमची पट्टी हातात घेतली ती वयाच्या तिशीत.

वेगळ्या वाटेनं गेलेल्या दोन जागा मला ठाऊक आहेत. एक रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याची एकशिक्षकी शाळा. २००७ ला 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग तिथं झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये मुक्त सॉफ्टवेअर होतं आणि पोरांनाच स्क्रू काढून दुरुस्त करता यावा अशी त्याची रचना होती. दुसरी जागा बंगळूरमधल्या झोपडपट्टीतली. तिथल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या लोकांबरोबर एक केंद्र उभं केलं, त्याचं नाव आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटर. मिळालेले कॉम्प्युटर, त्यावर ग्नू-लिनक्स, आणि जिम्पवर चित्रं काढणारी वस्तीतली पोरं. बाबासाहेबांचं नाव तिथं पाटीवर आणि प्रत्यक्ष कामात दोन्हीकडे आहे. आपल्याकडे अनेक अभ्यासिकांच्या पाटीवर ते असतं, आत मात्र बंद पडलेले मॉनिटर दिसतात.

असो. आम्ही काय केलं ते सांगतो, कारण विचारणारे पुष्कळ आहेत.

आधी वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला (अंगातली स्थिर वीज रॅमला मारते) आणि झाकण उघडलं. आत धुळीची गादी होती. पेंटिंगच्या ब्रशनं ती काढली. बीप-बीप करणाऱ्या मशीनची रॅम काढून सोनेरी दात खोडरबरनं घासले, परत बसवली. सुरू! दुकानदारानं जिला भंगार म्हटलं होतं तिला पाच रुपयांचं खोडरबर पुरलं. आक्कांनी, ज्या विहाराच्या चाव्या सांभाळतात, तिथल्या तिथं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या एका मशीनची तारीख रोज मागं जायची, त्यामुळं वेबसाइट उघडत नव्हत्या. ती बोर्डावरच्या गोल सेलची करामत. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. सुरूच न होणाऱ्या दोनपैकी एकीचा एसएमपीएस जळाला होता, तो अख्खा बदलला. तो डबा उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शॉक शिल्लक असतो. दुसरीचा मदरबोर्डच गेला होता. तिचे भाग बाकीच्यांना वापरले.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघितलं. हार्ड डिस्कला हात न लावता आधी बघता येतं, ही याची मोठी सोय. त्यातच 'डीएमआयडीकोड' नावाची कमांड आहे, झाकण न उघडता रॅम कुठल्या जातीची (इथं जात चालेल!), किती स्लॉट मोकळे ते सांगते. डीडीआर-थ्रीच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही, खाच वेगळी असते. रात्रभर 'मेमटेस्ट' लावून रॅम तपासली. 'डिस्क्स' मध्ये हार्ड डिस्कची तब्येत बघितली. तीन डिस्क मरायला टेकल्या होत्या. सहाही मशीनमध्ये छोट्या एसएसडी घातल्या आणि जुन्या रॅम मिळवून प्रत्येकी आठ जीबी केली. वेग वाढतो तो मुख्यतः एसएसडीनं, कारण जुन्या डिस्कमध्ये फिरणाऱ्या थाळीवर सुई जागा शोधत हिंडते, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. सगळा खर्च एका नव्या कॉम्प्युटरपेक्षा कमी आला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिस आणि लिनक्सचे धडे मराठीत आहेत, त्यावर पोरी आमच्यापुढं गेल्या.

सगळं गोड झालं नाही. प्रिंटरनं पंधरा दिवस रडवलं. टॅली चालत नाही, आणि अकाउंटची नोकरी शोधणाऱ्या पोरीला लिनक्सचं कौतुक सांगून पोट भरत नाही. टायपिंगच्या परीक्षेचा सरावही विंडोजवरच करावा लागतो. म्हणून एक मशीन विंडोजची ठेवली. ज्याला तत्त्वभ्रष्टता वाटेल त्याला वाटो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा आधार थांबला. इलेव्हनला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. म्हणजे चालू मशीन एका कंपनीच्या अटीमुळं भंगार ठरतात. आणि ते भंगार कुठं जातं? वायर जाळून तांबं काढणारे, उघड्या हातानं बोर्ड सोलणारे, ॲसिडच्या धुरात बसणारे कोण आहेत, ते कुठल्याही शहरातल्या भंगारगल्लीत जाऊन बघा. दलित आणि मुसलमान. २०११ पासून ई-कचऱ्याचे नियम आले, बदलले, २०२२ ला पुन्हा आले. कॉम्प्युटरच्या एका टोकाला आपल्याला शिरता येत नाही आणि दुसऱ्या टोकाला आपल्याशिवाय कुणी बसत नाही. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ ला 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, त्या वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही काढलं. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहितीपुस्तिका द्याव्यात असा त्याचा रोख आहे. ही मागणी श्रीमंत ग्राहकांची म्हणून सोडून देऊ नका.

त्या पोराकडे परत येतो. तो अजूनही माझ्याशी पूर्ण सहमत नाही. त्याचं म्हणणं, दुरुस्ती शिका, पण हक्काचं नवीन मागायचं सोडू नका, नाहीतर उद्या प्रत्येक अभ्यासिकेला जुनंच देतील आणि वर तुमचं कौतुक करतील. हे मला मान्य आहे. गेल्या महिन्यात त्यानं स्वतः अर्ज लिहिला, अभ्यासिकेसाठी दहा नवीन कॉम्प्युटर मागणारा. मी वाचायला घेतला. आधी असे अर्ज आम्ही 'संगणक संच मिळणेबाबत' एवढ्यावर संपवायचो. त्यानं खाली लिहिलं होतं: आठ जीबी रॅम एकाच पट्टीत, दुसरा स्लॉट मोकळा, एसएसडी किमान २५६ जीबी, कॅबिनेट साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडणारं, झाकण उघडल्यास वॉरंटी रद्द ही अट नसावी, ऑपरेटिंग सिस्टिमची गरज नाही, ती आम्ही टाकू. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.